काकूंचे अर्धे कोर्स

लॉन्ड्रीवाल्या काकू वरच्या मजल्यावर गेल्या त्या भांडायला, आणि खाली आल्या त्या कॉलेजात नाव घालून. यात त्यांची काही चूक नव्हती. दुकानाच्या छतातून थेंब थेंब गळत होतं आणि एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या पाठीवर तांबूस डाग पडला होता. वरचं गोदाम नुकतंच कुणा प्राचार्यांनी भाड्याने घेऊन तिथे कॉलेज काढलं होतं. दिवसभर कामधंदा करणाऱ्यांनी संध्याकाळी यावं आणि एखादं कसब शिकावं. फी जेमतेम, वयाची अट नाही. कागदोपत्री त्याचं नाव लोकमहाविद्यालय. एवढं लांब नाव घ्यायला कुणाला सवड नव्हती, म्हणून सगळे ‘वरचं कॉलेज’ म्हणत. पहिला कोर्स नळदुरुस्तीचा होता. सरावासाठी पाइप आणायला पैसे नव्हते, म्हणून मास्तरांनी भिंतीतला एक आयता पाइप उघडला. तो काकूंच्या दुकानाचा निघाला.

काकू शर्ट हातात घेऊन, चार ठेवणीतले शब्द जिभेवर तयार ठेवून जिना चढल्या. नेमका तेव्हाच अनुदान कार्यालयाचा साहेब तपासणीला आला होता. नियम साधा होता. वर्गात बारा डोकी असली तर त्या कोर्साला अनुदान, अकरा असली तर छदामही नाही. साहेबाचा हजेरीपटावर काडीचा विश्वास नव्हता. तो न कळवता यायचा आणि बोट दाखवून डोकी मोजायचा. त्या दिवशी त्याचं बोट अकरावर येऊन थांबलं होतं आणि प्राचार्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेवढ्यात दारात काकू उभ्या राहिल्या.

“या काकू, आज उशीर झाला!” प्राचार्य म्हणाले. “बसा, बसा.”

काकू बसल्या. एक तर जिना चढून दम लागला होता, आणि दुसरं म्हणजे फळ्यापाशी मास्तर पाइप का गळतो हेच सांगत होते. काकूंना तेच तर हवं होतं. थोडा वेळ ऐकून त्यांनी शर्ट उंच धरला आणि विचारलं, “मग हे कुणामुळे झालं?” विद्यार्थी घरून उदाहरणं घेऊन येतात, असा शेरा साहेबाने मारला आणि अनुदान मंजूर झालं.

त्या काळात कॉलेजची परिस्थिती म्हणजे नुसता आनंदीआनंद होता. खुर्च्या मिळाल्या त्या बंद पडलेल्या थिएटरातल्या, चार-चार एकत्र जोडलेल्या. एकाला उठायचं असलं की उरलेल्या तिघांना विचारावं लागे. फळा एका गादीवाल्याने दान दिला होता. त्याची अट एवढीच होती, की फळ्याच्या माथ्यावर पक्क्या रंगात त्याची जाहिरात राहील. त्यामुळे मास्तर काहीही शिकवत असले तरी त्यांच्या डोक्यावर ‘शांत झोपेसाठी आमच्याकडे या’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असे. प्राचार्य देणगीसाठी दारोदार फिरत आणि बहुतेक ठिकाणी त्यांना देणगीऐवजी सल्ला मिळे. गावातल्या शहाण्यांनी हे खूळ सहा महिन्यांत बंद पडणार असं सांगून टाकलं होतं. प्राचार्यांनी स्वतःचा पगार घेणं कधीच सोडलं होतं. त्यांचे दोनच शर्ट होते हे फक्त काकूंना ठाऊक होतं, कारण दोन्ही त्यांच्याकडेच इस्त्रीला यायचे.

म्हणूनच काकूंना नाही म्हणता येईना. नळदुरुस्ती अर्ध्यावर आली, त्या वर्गात नवीन माणसं आली आणि हिशेबाच्या वर्गात एक डोकं कमी पडलं. प्राचार्य खाली आले. “काकू, एवढ्या वेळेला.” काकू हिशेबाला जाऊन बसल्या. तिथे जमेची बाजू शिकवून झाली आणि रुग्णसेवेच्या वर्गात एक जण कमी पडला. काकू तिकडे गेल्या. काका दिवसभर इस्त्री करत आणि बायकोची थट्टा करायची एकही संधी सोडत नसत. ते गिऱ्हाइकांना सांगत, “आमच्याकडे आता नुसती जमाच आहे. खर्च शिकायचा राहिलाय.” एकदा त्यांचं बोट भाजलं तर काकूंनी त्यांना असं पक्कं बँडेज बांधलं, की ते कुणालाच सोडवेना. बँडेज सोडायचं कसं, हे दुसऱ्या सहामाहीत होतं.

लोक हसत. काकूही हसत. पण त्यांच्या मनात एक गोष्ट सलत होती आणि ती त्यांनी काकांनाही सांगितली नव्हती. सातवीत शाळा सुटली, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरात माणूस हवं होतं म्हणून. तेव्हापासून आजवर, खाली ‘उत्तीर्ण’ आणि वर आपलं नाव, असा एकही कागद त्यांच्या वाट्याला आला नव्हता. नणंदबाईंच्या दिवाणखान्यात टायपिंगचं प्रमाणपत्र होतं, सोनेरी चौकटीत. पाहुण्याला बसवायचं ते नेमकं त्याच्यासमोर. काकू गेल्या की नणंदबाई चहा पुढे करत विचारत, “काय वहिनी, सध्या काय अर्धवट चाललंय?”

तो चहा काकूंना कडू लागे.

आपल्या दुकानात गल्ल्याच्या वर कुठली जागा आहे, हे त्यांनी कधीच हेरून ठेवलं होतं. तिथे सध्या ‘हरवलेल्या बटणांना दुकान जबाबदार नाही’ अशी पाटी होती. ती काढून तिथे आपलं प्रमाणपत्र लावायचं, कुठल्याही विषयाचं चालेल, पण पुरं झालेल्या. एवढीच इच्छा होती आणि ती दिवसेंदिवस वाढत चालली होती.

चौथ्या वर्षी घरगुती यंत्रदुरुस्तीचा कोर्स निघाला आणि काकू पहिल्यांदाच कुणी न बोलावता जाऊन बसल्या. पंखा, इस्त्री, मिक्सर. पहिल्या सहामाहीत यंत्र उघडायचं, दुसरीत जोडायचं. काकूंना उघडण्याचं असं वेड लागलं, की घरातलं एकही यंत्र धड राहिलं नाही. काका रेडिओला जपत, उशाशी घेऊन झोपत. नणंदबाईंचा मिक्सर थोडा आवाज करत होता, म्हणून काकूंनी तो मोठ्या प्रेमाने मागून आणला आणि उघडून टोपलीत ठेवला. पहिली सहामाही संपली तेव्हा काकूंनी प्राचार्यांना जिन्यातच अडवलं.

“सर, या वेळी मला हलवायचं नाही.”

“नाही हलवणार,” प्राचार्य म्हणाले. बोलताना मात्र त्यांनी डोळे शर्टाच्या बटणावर ठेवले होते.

शब्द त्यांनी पाळला, अगदी परीक्षेच्या दिवसापर्यंत. परीक्षा घ्यायला पंख्यांच्या कारखान्यातले एक म्हातारे परीक्षक आले होते. एकेकाला आत बोलवायचं, बिघडलेला टेबलपंखा समोर ठेवायचा, त्याने तो उघडून, दोष काढून, पुन्हा जोडून चालू करायचा. पहिला नंबर काकूंचा होता. बाकीचे बाहेर थिएटरच्या खुर्च्यांवर बसून होते. काकूंनी पंखा उघडला. उघडण्यात त्यांचा हात कोण धरणार? तुटलेली तारही सापडली. आता जोडायचं, एवढ्यात प्राचार्य धापा टाकत दारात आले.

“काकू, साहेब जिन्यात आहे. बेकरीच्या वर्गात अकराच आहेत. नवी इमारत बेकरीच्या जोरावर मागितलीय, आज तिथे एक डोकं जरी कमी भरलं ना, तर तो प्रस्ताव रद्द. कॉलेजच बंद करावं लागेल. अर्धाच तास, काकू.”

“सर, माझी परीक्षा चालू आहे.”

“परीक्षा पुन्हा घेऊ. पुढच्या सहामाहीत.”

“पाइपांच्या वेळी हेच म्हणाला होतात. हिशेबाच्या वेळीही हेच. बँडेजच्या वेळीही.” काकूंचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. “मला सगळं उघडता येतं हो सर. जोडायला मी कधी शिकायचं?”

प्राचार्यांनी कपाळावरचा घाम पुसला, शर्टाच्या बाहीनेच. “बसा तुम्ही,” ते म्हणाले. “तुमचं बरोबर आहे. मी बघतो काय करायचं ते.” आणि ते निघून गेले.

रागावले असते तर काकूंना सोपं गेलं असतं. आपल्या एका कागदापायी हे कॉलेज बुडालं तर लोक काय म्हणतील, हा विचार त्यांना आला. त्याहून वाईट म्हणजे, या माणसाच्या दोन शर्टांना उद्यापासून इस्त्री कशाला लागेल, हा विचार आला. दोनदा स्क्रू निसटून खाली पडला. तरी त्या उठल्या नाहीत.

बाहेर मात्र गंमत झाली. प्राचार्यांनी जाताना बाहेर बसलेल्या एकाला सांगितलं, बेकरीत एक माणूस हवाय. तो पळाला. त्याच्यामागून दुसऱ्याने ऐकलं, त्याला वाटलं आपणच तो एक, तोही पळाला. शिपायाने शिवणकामाच्या वर्गात डोकावून एकीला खूण केली तर आख्खा वर्ग उठला. जोडखुर्च्यांमुळे तसंही एकट्याने उठायची सोय नव्हती. हिशेबाचे मास्तर आपल्या विद्यार्थ्यांसकट गेले. एवढी वर्षं सगळ्यांनी काकूंना वर्गावर्गांतून पळताना पाहिलं होतं. या कॉलेजात डोकं कमी पडलं की जाऊन बसायचं, एवढा एक धडा प्रत्येकाचा पाठ होता. खाली बातमी पोचली तेव्हा काकांनी इस्त्रीची वायर काढली आणि कपडे न्यायला आलेली तीन गिऱ्हाइकं घेऊन तेही जिना चढले.

साहेब बेकरीच्या दारात आला आणि त्याला आत शिरता येईना. चाळिसाच्या वर माणसं एका ओव्हनभोवती खांद्याला खांदा लावून उभी होती. काका पिठाचा गोळा इस्त्री फिरवल्यासारखा दाबत होते. साहेबाचं बोट मोजून मोजून दमलं. ‘प्रचंड मागणी. जागा अत्यंत अपुरी. नवी इमारत तातडीने द्यावी,’ असं त्याने लिहिलं आणि मग, कामात चोख माणूस तो, पुढच्या खोलीत गेला.

तिथे काकू एकट्याच, दातांत स्क्रू धरून बसल्या होत्या. समोर म्हातारे परीक्षक.

“बाकीचे विद्यार्थी कुठे आहेत?”

काकूंना तोंड उघडता येत नव्हतं. त्यांनी शेवटचा स्क्रू आवळला आणि बटण दाबलं. पंखा घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला आणि असा काही सुटला, की साहेबाच्या हातातले कागद खोलीभर झाले. काकू हसल्या आणि रडल्याही, दोन्ही एकाच वेळी. परीक्षकांनी मान डोलावली. साहेबाने गुडघ्यांवर बसून कागद गोळा केले आणि नोंद केली: यंत्रदुरुस्ती, विद्यार्थी एक, कोर्स बंद करण्यात यावा.

अशा रीतीने कॉलेज वाचलं आणि काकूंचा कोर्स बुडाला. बाकीच्यांची परीक्षा झालीच नाही. त्या कोर्साचं एकच प्रमाणपत्र निघालं आणि ते गल्ल्याच्या वर लागलं, बटणांच्या पाटीच्या जागी. काका येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवत आणि दाखवताना थट्टा करायला विसरत. नणंदबाई एकदा आल्या, त्यांनी ते लांबून पाहिलं, जवळून पाहिलं आणि म्हणाल्या, “चौकट साधीच आहे.” त्यांचा मिक्सर मात्र अजून टोपलीतच होता. काकूंना तो आता जोडता येत होता. पण घाई काय आहे, असं त्यांचं मत होतं.

नवी इमारत उभी राहिली, बाकीचे वर्ग तिकडे गेले, आणि एका सकाळी प्राचार्य पुन्हा दुकानाच्या दारात. काकूंनी इस्त्रीवरून मान वर न करताच सांगितलं, “नाही सर. मी पास झालेय. आता मी कुठे बसणार नाही.”

“बसायला नाही बोलवत. उभं राहायला बोलवतोय. यंत्रदुरुस्ती पुन्हा सुरू करता येईल, वरच्या जुन्या खोलीत. फक्त शिकवणारा त्या विषयात उत्तीर्ण असायला हवा, असा आता नवा नियम आहे. आणि या गावात तसं माणूस एकच आहे.”

काकूंना एवढा आनंद झाला, की त्यांना काही सुचेना. प्राचार्यांच्या दोन शर्टांपैकी एकाची कॉलर त्या आनंदात करपली.

पहिल्या संध्याकाळी काकू धुतलेली साडी नेसून फळ्यापुढे उभ्या राहिल्या. डोक्यावर ‘शांत झोपेसाठी आमच्याकडे या’. समोर जोडखुर्च्यांवर विद्यार्थी. त्यांनी मोजले, पुन्हा मोजले. अकरा. आणि जिन्यात साहेबाच्या बुटांचा आवाज ओळखू येत होता. मागच्या भिंतीला टेकलेल्या प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले.

साहेब आत आला, त्याने बोट वर केलं. अकरावर ते थांबलं. तेवढ्यात जिन्यावरून आणखी कुणीतरी तणतणत वर आलं आणि दारात नणंदबाई उभ्या राहिल्या. काखेत खालून दुकानातून उचललेली टोपली, टोपलीत सुटा मिक्सर, चेहरा लालबुंद.

“वहिनी! दोन वर्षं होत आली! हा माझा मिक्सर...”

“या वन्सं, आज उशीर झाला,” काकू म्हणाल्या. “बसा, बसा.”

जिना चढून नणंदबाईंना चांगलाच दम लागला होता. त्या बसल्या.