आतून दार नसलेलं घर

पुण्यात चार महिने काढून सुहासिनीबाई कॅनडात, मिसिसागाला लेकाच्या घरी परतल्या. बेसमेंटमधल्या आपल्या खोलीत बॅग टेकवली, वर चहाला म्हणून जिना चढल्या, आणि धाडकन कपाळ आपटलं. जिन्याच्या टोकाचं, स्वयंपाकघरात उघडणारं दारच गायब! तिथे ताज्या रंगाची कोरी भिंत.

"प्रताप! दार कुठंय रे?"

पलीकडून लेकाचा मीटिंगमधला आवाज आला. "आई, रिलॅक्स. बेसिकली, तुला प्रायव्हसी दिलीय. साइड एन्ट्रन्स आहे ना? जॅकेट घाल नि ये बाहेरून."

"चहाला जॅकेट? बाहेर बर्फ आहे मेल्या!"

"आजी, इट्स युअर फोडणी! खालून स्मेल वर यायचा!" नात ऊर्मी पलीकडून ओरडली. "बाबा मीटिंगमध्ये असा स्नीझ करायचा, हाऽऽक्छीं, सॉरी टीम, हाऽऽक्छीं!"

सुहासिनीबाई मटकन पायरीवर बसल्या. आर्किटेक्टच्या ऑफिसात जन्मभर घरांचे नकाशे काढलेली बाई, आणि तिचंच दार बुजवताना एका शब्दानं विचारलं नाही?

खाली टेबलावर त्यांनी ऊर्मीसोबत केलेलं पुठ्ठ्याचं घर होतं. इंग्लंडच्या खेड्यातलं, सहाशे वर्षांपूर्वीचं पाद्र्याचं घर. लाकडी सांगाडा, गवताचं छप्पर, मधलं दालन थेट आढ्यापर्यंत मोकळं. जमीन खडूची, आंबट दूध ओतून घट्ट केलेली. एका टोकाला घर सांभाळणाऱ्या बाईची खोली, आणि तिथून दालनात यायला आतून दारच नाही. पाद्री ब्रह्मचारी; बाईनं बाहेरून वळसा घालायचा.

"इव्हन इन स्नो?" ऊर्मीनं तेव्हा विचारलं होतं.

"जुनी माणसं गं. कसली अक्कल!" म्हणून त्या खदखदून हसल्या होत्या.

आता त्यांनी त्या पुठ्ठ्याच्या घराकडे पाहिलं. अगं बाई, ती बाई म्हणजे मीच की!

त्या उठल्या. अडगळीतून करवत काढली, वर गेल्या, भिंत बोटानं वाजवत सरकल्या. टक, टक, ढब. इथे पोकळ. "या देशात भिंतीसुद्धा पुठ्ठ्याच्याच," पुटपुटत त्यांनी करवत खुपसली.

पलीकडे प्रतापची किंकाळी. "ओ माय गॉड, द वॉल!"

पाटीएवढा तुकडा निघून पडला. भोकातून दिसला प्रताप: हातात कप, तोंड उघडं, केसांत पांढरा भुगा.

"आई... बेसिकली..."

"बाबा, रिलॅक्स," ऊर्मी हुबेहूब त्याच्याच सुरात म्हणाली.

सुहासिनीबाईंनी भोकातून हात पुढे केला. "चहा दे. आलं घालून. आणि दार उद्या बसव, नाहीतर उरलेलं मी कापते."