परतीची वायर

युसूफभाऊ गेल्याचं आम्हाला कळलं, तेव्हा त्यांना दफन करून आठ दिवस झाले होते. भामरागडचा रस्ता पुराखाली होता, फोन बंद होते, आणि पाणी उतरल्यावर जी पहिली एसटी बाहेर आली तिच्या कंडक्टरजवळ कुणीतरी चिठ्ठी दिली होती. मेंदूत चढलेला हिवताप. तीन दिवस ते भाड्याच्या खोलीत तापानं फणफणत पडले होते, आणि नदीपलीकडच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला नाव मिळाली नाही... एवढंच लिहिलेलं. आईनं ती चिठ्ठी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग चुलीकडे बघत विचारलं, "तिकडं कायले गेले होते ते?" उत्तर तिला ठाऊक होतं. मलाही होतं. ती चिठ्ठी येऊन आता नऊ आठवडे झाले, आणि हा लेख मी त्या उत्तरासाठीच लिहिते आहे.

सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात युसूफभाऊंचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. लग्न असो, उरूस असो की जयंती, भोंगा त्यांचाच. पुढे त्यांनी घरोघरी केबल दिली. आमच्या भागात धान घरात आलं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. पेटी-तबल्यावर गाणाऱ्या नट्या, रात्रभर चालणारी संगीत नाटकं, आणि भोवती उंच कनात. कनातीच्या आत तिकीटवाले, बाहेर आम्ही. माझ्या आईनं वीस वर्षं नाटक ऐकलं, पाहिलं नाही. शेवंताबाई नावाच्या गायिकेची सगळी पदं तिला पाठ होती. धानाची रोवणी करताना चिखलात वाकून ती तीच गुणगुणायची. पण ती बाई दिसते कशी, हे आईला ठाऊक नव्हतं. बाबा छापखान्यात कामाला होते. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले, त्यामुळे कनातीबाहेर बसण्याला अन्याय म्हणतात हे मला फार लवकर कळलं. युसूफभाऊंना असले शब्द येत नसत. त्यांना वायर ओढता येत होती.

एका वर्षी त्यांनी मंडपात लग्नातला कॅमेरा लावला, तिथून झाडाझाडांवरून आमच्या वस्तीपर्यंत केबल आणली आणि विहारापुढच्या बैलबंडीवर स्वतःच्या घरचा टीव्ही ठेवला. फुकट. नाट्यमंडळाचे लोक हसले होते म्हणे, "ते तसेही तिकीट काढून राह्यले का? पाहू दे." त्या रात्री सगळी वस्ती बंडीभोवती बसली. तिकडे मंडपात जे घडत होतं तेच, त्याच क्षणी, आमच्यासमोर घडत होतं. आईनं शेवंताबाईंना पाहिलं आणि म्हणाली, "बाप्पा, हे तं माह्यासारखीच काळी हाये!" पद संपलं तसा आमच्या बायकांनी एका सुरात "वन्स मोर" दिला. पण शेवंताबाई पुढचं वाक्य बोलून निघून गेल्या. पुन्हा पद, पुन्हा वन्स मोर, पुन्हा तेच. आईचा चेहरा उतरला.

"तिले आपलं ऐकू नाई येत का, युसूफभाऊ?"

"कसं येईन बाई? वायर एकाच बाजूनं बोलते."

"मंग हे टीव्हीच झालं. नाटक कुठी झालं?"

 पुढच्या हंगामात युसूफभाऊ दोन वायरी घेऊन आले. एक येणारी, एक जाणारी. जाणाऱ्या वायरीच्या आमच्याकडच्या टोकाला माइक होता, आणि तिकडे रंगमंचाच्या विंगेत एक छोटा भोंगा. जोडणी झाली की ते माइकवर नखानं दोनदा टकटक करायचे, म्हणायचे, "पोचलं का?" आणि मान खाली घालून थांबायचे. मंडपातून त्यांचा माणूस तिथला मुख्य भोंगा दोनदा वाजवायचा. तो आवाज शेतावरून येईस्तोवर ते डोळेसुद्धा हलवत नसत.

परतीच्या वायरीच्या पहिल्याच रात्री पहिलं पद संपलं तेव्हा मंडप थंडच होता. आईनं माइक दोन्ही हातांत धरला आणि ओरडली. टीव्हीवर आम्हाला दिसलं, शेवंताबाई जायला वळल्या होत्या त्या थबकल्या. विंगेकडे बघितलं, पेटीवाल्याकडे बघितलं. त्यानं कॅमेऱ्याकडे बोट केलं असावं. मग त्या कॅमेऱ्यासमोर आल्या, सरळ आमच्याकडे बघितलं, हात जोडले आणि तेच पद पुन्हा पहिल्यापासून गायल्या. आईनं डोक्यावर पदर घेतला. माझी आई पदर घेणारी बाई नव्हे.

दुसऱ्या दिवशी चौकात बोलणं सुरू झालं. पुढच्या खुर्च्यांवरचे लोक म्हणत होते, तिकीट आम्ही काढलं आणि वन्स मोर ते देऊन राह्यले? मंडळानं निरोप धाडला. फुकटात बघायचं तर बघा, पण परतीची वायर निघाली पाहिजे. मुकाट्यानं बघणारी वस्ती त्यांना चालत होती. बोलणारी चालत नव्हती. युसूफभाऊ मला म्हणाले, "थांब थोडं, सुजाता. मी अध्यक्षाकडं जाऊन येतो. त्याच्या पोरीच्या लग्नात भोंगा माहाच होता. माणूस आयकते, पण चारचौघात नाई आयकत."

मी थांबले नाही. बावीस वर्षांची होते. थांबायला सांगणाऱ्या प्रत्येकाला मी भित्रा समजत होते. 'वन्स मोर कुणाचा?' या नावाचं पत्रक मी एका बैठकीत लिहिलं, बाबांच्या छापखान्यात छापलं आणि बाजाराच्या दिवशी वाटलं. त्यातलं एकही वाक्य मी आज मागे घेणार नाही. कलेवर कनातीचा हक्क नसतो, ऐकणाऱ्याला दाद द्यायचा अधिकार असतो, हे तेव्हाही खरं होतं. पण खाली निवेदकांची नावं होती, आणि माझ्या नावाच्या वर मी युसूफभाऊंचं नाव टाकलं होतं. त्यांना न विचारता. नुसतं वस्तीचं नाव असलं तर लोक पत्रक चुरगळून फेकतील, दुकानदाराचं नाव असलं तर वाचतील, असा हिशेब मी केला होता. नावामागे एक घर असतं, हा विचार मनात आलाच नाही.

त्यांनी दुकानात बसून पत्रक शेवटपर्यंत वाचलं.

"माहं नाव काऊन टाकलंस?"

"तुम्ही आमच्या बाजूचे आहात म्हणून."

"हाव, ते तं हाये." त्यांनी पत्रकाची नीट घडी घातली. "लिवलं बरोबर हाये. विचारलं असतं तं सही केली असती का नाई, हे आता कसं सांगू? विचारलंच नाई न तू."

मग जे व्हायचं ते झालं. परतीची वायर कापली गेली, पाठोपाठ येणारीही. मंडळानं भोंगे बाहेरून मागवले, आणि त्यांचं बघून आजूबाजूच्या गावांनीही. कुणी म्हणालं, विहाराचं नुसतं निमित्त, या माणसाच्या मनात वेगळंच आहे. पत्रक मी लिहिलं होतं, धर्म मात्र त्यांचा मोजला गेला. माझं काय झालं? काही नाही. दोन सभांमध्ये माझा सत्कार झाला. युसूफभाऊंनी दुकान आवरलं आणि भामरागडला बाजाराजवळ खोली घेऊन रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायला लागले. दोन वर्षं तिकडे काढली. गेल्या उन्हाळ्यात घरी येऊन परत निघाले, तेव्हा मी बसस्टँडवर गेले होते. माफी मागायची ठरवूनच गेले होते. पण त्यांना बघितल्यावर मी मंडळाविरुद्धच्या नव्या पत्रकाबद्दल बोलत सुटले... ते ऐकत होते. बस लागली तसा त्यांनी पिशवीतून तो माइक काढला.

"हे तुमच्याकडं राहू दे. घरी लेकरं मोडतीन. सीजनले येतो मी."

"पावसाळ्यात तरी इकडे या ना, भाऊ. रस्ते बंद होतात तिकडे."

"आन् इथी येऊन काय करू?" ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यात हंगामाचं पहिलं नाटक झालं. कनात होती तशीच आहे. आई घरात बसून ऐकत होती, खुंटीवरच्या माइकखाली. त्याला हातभर वायर उरली आहे, तिचं टोक कुठेच जात नाही. पद संपलं, मंडपातून वन्स मोर आला, पद पुन्हा सुरू झालं. मी म्हटलं, "आई, चूक माझी होती." ती म्हणाली, "मले नोको सांगू." मग उठून तिनं माइकवर नखानं दोनदा टकटक केलं आणि मान खाली घालून, त्यांच्यासारखीच, थांबली.