साठ घरांचा डेटाबेस

आमच्या समाजात साठ घरं आहेत आणि त्यांच्या वेबसाइटसाठी डेटाबेस निवडायला मला पाच आठवडे लागले. घाई झाली, असं तेव्हा माझं प्रामाणिक मत होतं.

मी मूळचा नाशिकचा. नोकरीसाठी म्हैसूरला आलो आणि लष्कर मोहल्ल्यातल्या एका जुन्या मराठी रंगारी घराण्याचा जावई झालो. (रंगकाम आजेसासऱ्यांबरोबर थांबलं. सासऱ्यांचं दुकान आता नळांच्या सामानाचं आहे.) या मंडळींचं वर्षातून एकदा देवीचं जेवण असतं. पुरणपोळीचा अंदाज आचाऱ्याला आदल्या शुक्रवारपर्यंत द्यायचा आणि कुणीही पानावरून उपाशी उठता कामा नये, ही सासऱ्यांची तीस वर्षांची जबाबदारी. लग्नानंतरचं माझं हे पहिलंच जेवण. मी छाती पुढे काढून म्हणालो, "मामा, यंदा आकडा मी देतो. वेबसाइट करतो!"

सासरे "आयतु" म्हणाले. म्हणजे ठीक आहे. इतका थंड होकार मी कुठल्याच भाषेत ऐकला नव्हता, पण मी उत्साहात होतो.

काय ते दिवस! ऑफिसात मला कुणी डेटाबेस निवडू देत नाही. तो माझ्या आधीच्याच्या आधीच्या माणसाने निवडलेला असतो आणि मी त्याला नावं ठेवतो. इथे सगळं राज्य माझं! एक डेटाबेस सेकंदाला लाखभर नोंदी घ्यायचा. एक इतका शिस्तीचा, की आकड्याच्या रकान्यात अक्षर दिसलं तर नोंद परत. एक अगदी मनमोकळा, काहीही लिहा, पोटात घ्यायचा. तुलनेचे तक्ते मी हॉलच्या भिंतीवर लावले. ते बघून बायकोने, सुमाने, विचारलं की साठ घरांना एक वही नाही का पुरणार. मी म्हटलं, उद्या घरं वाढली तर? ती म्हणाली, चाळीस वर्षांत दोन वाढलीत.

मी शिस्तीचा घेतला. वेबसाइटवर एकच प्रश्न, "जेवायला किती जण?", आणि पुढे रकाना. दोन दिवस गेले, माझी स्वतःची सोडून एकही नोंद नाही. तिसऱ्या दिवशी समाजातल्या सर्वांत वडीलधाऱ्या गोदाक्कांचा फोन आला.

"जावईबापू, तुमचं मशीन डोकी मोजतंय की. जेवणाऱ्यांची डोकी मोजत नाहीत. दृष्ट लागते."

मी ओशाळलो, पण खरं सांगतो, मनातून हरखलोच. डेटाबेस बदलायला कारण मिळालं! दोन दिवसांत सगळा पसारा मनमोकळ्यात हलवला आणि हवं ते लिहा म्हणून कळवलं. मग नोंदी धडाधड आल्या. "घरचे सगळे." "देवी आणेल तितके." "हुणसूरचे पाहुणे, बस मिळाली तर." "तुम्हाला माहीत आहेच की." नाही मात्र एकानेही लिहिलं नाही. देवीच्या जेवणाला नाही म्हणायची पद्धतच नाही, त्यामुळे अमेरिकेत असलेल्यांनीसुद्धा "येतो" म्हणून ठेवलं. एकाने तर रकान्यात आपला फोन नंबर टाकला.

शुक्रवारी सकाळी मी बेरीज मागितली. डेटाबेसने डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर दिलं: नऊशे ऐंशी कोटी आणि वर काही. पृथ्वीवरची सगळी माणसं जेवून उठली असती तरी पोळ्या उरल्या असत्या! फोन नंबर काढून टाकला. आता बेरीज आली एक. तो एक म्हणजे मी.

तिकडे नंजनगूडच्या आचाऱ्याला मीच फोन लावून धरून ठेवलेलं. साठ घरं, घराला सहा, असं बोटांवर मोजून तीनशे साठ सांगून टाकले. (पाच आठवडे, आणि शेवटी बोटं!) तो नुसतं "सरी सर", म्हणजे बरं साहेब, म्हणाला.

रविवारी स्वयंपाकाच्या जागी डोकावलो. पुरणाची पातेली दोनच. माझ्या पहिल्याच वर्षी निम्मा समाज उपाशी जाणार! मी धावत सासऱ्यांकडे गेलो आणि आचाऱ्याने घोटाळा केल्याचं सांगितलं.

"बरोबर केलंय," ते म्हणाले. "डाळ तेवढीच आली की."

मग उलगडा झाला. जेवणाच्या आधी आठवडाभर सासऱ्यांच्या दुकानात एक पितळी डबा ठेवतात. जेवायला येणाऱ्याने आपल्या हाताने मूठभर हरभऱ्याची डाळ त्यात टाकायची. तान्ह्याची मूठ आई टाकते. कुणी डोकी मोजत नाही, कुणाला नाही म्हणावं लागत नाही. यायचं नसेल तर मूठ पडत नाही, एवढंच. गुरुवारी सासरे डबा आचाऱ्याकडे पाठवतात. त्याच डाळीचं पुरण, आणि तिच्याच अंदाजाने बाकीचा स्वयंपाक. मला हे आधी का सांगितलं नाही, असं विचारल्यावर सुमा म्हणाली, तू इतका खुशीत होतास, बाबा म्हणाले करू दे त्याला.

मला लाज वाटली, आणि त्या डब्याचा हेवाही वाटला. मग मी कमरेला टॉवेल बांधून पंगतीमागून पंगत वाढली. हुणसूरचे पाहुणे पोटभर जेवले. (त्यांची डाळ बुधवारीच बसच्या कंडक्टरबरोबर आली होती.) गोदाक्कांनी दोन पोळ्या मागून घेतल्या. सगळे तृप्त होऊन उठल्यावर मी पान मांडून बसलो. आचाऱ्याने रिकामी परात माझ्यापुढे तिरकी करून दाखवली.

सासरे शेजारी येऊन उभे राहिले. "तुमची मूठ नव्हती की डब्यात, जावईबापू. मला वाटलं, तुम्ही मशीनमध्ये टाकलीत."

टाकली होतीच! आणि ती कधी हरवू नये म्हणून तिच्या प्रती मी तीन वेगवेगळ्या देशांत ठेवल्या होत्या. त्या दुपारी तिन्ही देशांत माझी नोंद सुखरूप होती. उपाशी फक्त मी होतो.