पेरूच्या लाकडाचा आवाज

टिचकीशेटचं खरं नाव काय, हे त्यांच्या बायकोला ठाऊक आणि वीजबिलाला. बाकी सगळ्या बाजाराला ते टिचकीशेट. दुकान कपबश्यांचं. गिऱ्हाइकानं सहा कप मागितले की शेट एकेक कप तळहातावर घ्यायचे, काठावर नखानं टिचकी मारायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि मगच पुढे सरकवायचे. डोळ्यांना न दिसणारा तडा असला तर कप बद्द वाजतो, चांगला असला तर खणखणतो. "अहो शेट, गाडी चुकेल माझी," असं कुणी कुरकुरलं तर म्हणायचे, "गाडी दुसरी मिळेल. उद्या चहा मांडीवर सांडला तर शिव्या मला घालाल."

हाच कान रविवारी घरच्या कामाला यायचा. घरामागच्या अंगणात एक जुनं लोखंडी कपाट उभं होतं. माथ्याला भोकं पाडलेली, आत आकडे, तळाला विटा रचून विस्तवाची जागा केलेली. मीठ चोळून ठेवलेल्या कोंबड्या, मटणाची मांडी, कधी मासे त्या आकड्यांना टांगायचे, दार लावायचं आणि पाच-सहा तास बारीक धुरी देत राहायचं. दुपारपर्यंत त्या वासानं शेजाऱ्यांचा जीव वर-खाली व्हायचा.

"लोक मसाल्याचं विचारतात. मसाल्याचं काय घेऊन बसलात, लाकडाचं विचारा!" शेट म्हणायचे. आणि खरंच कुणी विचारलं, तर त्याचा तास गेलाच म्हणून समजा. मटणाला आंब्याचं, माशांना संत्र्याचं, कोंबडीला पेरूचं. अडलं-नडलं तर सगळ्यालाच पेरूचं. कपबश्या यायच्या त्या पाइनच्या खोक्यांच्या फळ्यांचा दुकानामागे ढीग पडलेला असायचा. मेव्हणा एकदा म्हणाला, "दाजी, एवढं सरपण फुकट पडलंय की." शेट कडाडले, "त्यात राळ असते, राळ! कोंबडीला डांबर फासू? तुझ्या वाटणीची करतो हवी तर त्याच्यावर." मेव्हण्यानं पुन्हा तो विषय काढला नाही.

पण झाड कुठलं हा झाला अर्धा प्रश्न. लाकूड वाळलंय किती, हा खरा. ओल्या लाकडाचा धूर पांढरा आणि दाट येतो, मांसावर काजळी धरते आणि घास कडू लागतो. कुणी लाकडाच्या टोकाच्या चिरा बघतं, कुणी हातात तोलून बघतं. शेटना हे असलं काही पटायचं नाही. दोन लाकडं घ्यायची, एकावर एक आपटायची. वाळलेलं 'ठण्ण' म्हणतं, ओलं 'थप्प'. संपला विषय.

लाकूड यायचं बाजाराच्या टोकाच्या वखारीतून. वखारवाला आणि शेट तीस वर्षांचे दोस्त. शेट ढिगापाशी उकिडवे बसून लाकडं आपटत राहायचे, पन्नास आपटून पंधरा बाजूला काढायचे, आणि वखारवाला आरामात विडी ओढत म्हणायचा, "टिचक्या, सरपण घेतोयस की जावई बघतोयस?" मग तोच मोळी बांधून द्यायचा, आणि रविवारी पहिली ताटली त्याच्याच घरी जायची. ढिगात वाळलेलं असायचं, नुकतं तोडलेलंही असायचं. निवडणाऱ्याची नजर, नाहीतर कान. वखारवाला त्यात कधी पडला नाही. या कानाला कोण शिकवणार?

आणि मग गेल्या वर्षापासून कोंबड्या कडू व्हायला लागल्या.

एकदा झालं, दोनदा झालं. धूर पांढराफटक, मांस काळंकुट्ट, चिकट. शेजाऱ्यांचं वास घेणं बंद झालं. शेटची जीभ शाबूत होती, पहिल्या घासालाच त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. लाकूड ओलं, यात शंकाच नाही. पण निवडलं होतं तर आपण, आपल्या कानानं. मग ओलं आलं कुठून? विचार करकरून शेटनी उत्तर काढलं, आणि काय उत्तर काढलं म्हणता! मी निवडतो एक आणि मोळी बांधताना हा घालतो दुसरंच.

झालं. भर सकाळी, वखारीत पाच-सहा गिऱ्हाइकं उभी असताना, शेटनी मोळी त्याच्या पायाशी आपटली. "तीस वर्षं विश्वास ठेवला तुझ्यावर. चोरा! ओलं लाकूड गळ्यात मारतोस?"

वखारवाल्याच्या हातातली विडी तशीच राहिली. तो एवढंच म्हणाला, "पुन्हा या वखारीत पाऊल ठेवायचं नाही."

त्याला चार महिने झाले. शेट लाकूड लांबून आणायला लागले, ते आणखी कडू निघालं. मग कपाटाला कुलूप लागलं. रविवारी शेट खिडकीत बसायचे आणि कुणाशी धड बोलायचे नाहीत. चिडचिड तर विचारूच नका.

खरं काय ते घरात एकाच माणसाला माहीत होतं. शेटच्या बायकोला. शेटचा कान गेला होता. एकदम नाही, हळूहळू, रोज चिमूटभर. टीव्हीचा आवाज वाढत गेला. "हल्ली सगळे पुटपुटतात," शेट म्हणायचे. बायकोनं एकदा सांगून पाहिलं, "अहो, कान दाखवून घ्या की कुणाला." तर वसकन अंगावर आले, "माझा कान? माझ्या कानावर हे दुकान उभं आहे!" तिनं हात टेकले. पण ती स्वस्थ बसली नाही. शेट टिचकी मारून कप पुढे करायचे, ती बांधायच्या टेबलावर कागदात गुंडाळता गुंडाळता पुन्हा वाजवून बघायची, आणि बद्द वाजला की गुपचूप बदलायची. निवडलेलं एक आणि बांधलेलं दुसरंच, हा वखारवाल्यावरचा आळ तिच्यावर आला असता, तर तो खरा ठरला असता!

पुढे ती दोन दिवस बहिणीकडे गेली. त्याच दिवशी खानावळवाल्या बाई डझनभर कप घेऊन गेल्या आणि दुसऱ्या सकाळी पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"शेट, चार कप गळतात. माझ्या टेबलांवर चहाची तळी झाली."

"शक्यच नाही. एकेक वाजवून दिलाय मी."

"मोठ्यानं का बोलताय? भांडायला नाही आले मी. घ्या, ऐका." बाईंनी पिशवीतला एक कप काढला, फळीवरचा एक नवा उचलला आणि दोन्ही शेटच्या कानापाशी धरून टिचक्या मारल्या.

शेट मान तिरकी करून थांबले. "वाजवा की."

"वाजवले की!"

शेटनी कप हातात घेतला आणि स्वतः टिचकी मारली. खणखणला. दुसरा घेतला. खणखणला. मग त्यांनी तो गळका कप परत बाईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "पुन्हा." बाईंचं नख काठावर आपटलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. आवाज काहीच आला नाही. म्हणजे स्वतः टिचकी मारली की जे वाजत होतं, ते कानात नव्हतंच. इतक्या वर्षांच्या सवयीनं ते डोक्यात आपोआप वाजत होतं.

बाईंना चार नवे कप मिळाले, वर शेटनी माफीही मागितली. शेट गल्ल्यामागे बसून राहिले. वर्षभर एक कप परत आला नव्हता, आणि बायको नसलेल्या एकाच दिवशी चार गळके गेले होते. दुपारी बायको पिशवी घेऊन आली, तेव्हाही तसेच बसलेले.

"तू मागून वाजवून बघायचीस?" त्यांनी विचारलं.

ती जवळ आली आणि मोठ्यानं म्हणाली, "वर्षभर. काय करणार? तुम्ही ऐकून घेत नव्हता."

शेटना वाईट वाटलं, पण कपांचं नाही. ते एकदम उठून उभे राहिले, त्यांचा चेहरा उतरला. "अगं, मी त्याला चोर म्हणालो. सगळ्यांसमोर."

"मग इथे काय करताय?"

बाजाराचं ते टोक शेटना इतकं लांब कधी वाटलं नव्हतं. दाराशी ते थबकले. उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता तिथूनच म्हणाले, "माझं चुकलं."

वखारवाला दोर गुंडाळत होता. त्यानं मान वर केली, पण दोर सोडला नाही. "काय म्हणालास? ऐकू नाही आलं."

हे वाक्य शेटना ओठांवरून कळलं. त्यांनी आवाज चढवला. "चुकलं म्हटलं!"

"कुणाचं?"

"माझं! माझा कान गेलाय! ओलं लाकूड मीच निवडत होतो! तू चोर नाहीस!" आपला आवाज किती चढलाय याचा शेटना अंदाज नव्हता. समोरचा लोहार हातोडा खाली ठेवून बाहेर आला. न्हाव्याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी वळलं. रस्ताभर ऐकू गेलं, आणि जायलाच हवं होतं.

वखारवाल्यानं दोर टाकला, येऊन शेटचं मनगट धरलं आणि त्यांना आत ओढलं. कानाशी तोंड नेऊन ओरडला, "कितीतरी दिवस बघत होतो मी, वाळलेलं टाकून ओलं घेतोयस. म्हटलं, टिचक्याचं काहीतरी नवं खूळ असेल!"

"मग बोलला का नाहीस?"

"तुला? वखार डोक्यावर घेतली असतीस!"

शेटनी खाली बघितलं. पेरूचा ढीग तिथेच होता. "आता मला काय कळणार त्यातलं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

वखारवाल्यानं एक हातभर लांब लाकूड उचललं, टोक सदऱ्याला पुसलं आणि शेटच्या तोंडासमोर धरलं. "दातात धर. अरे, धर की! करवतीच्या आवाजापायी माझ्या वडिलांचे कान गेले होते. ते असंच तपासायचे."

शेटनी इकडेतिकडे बघितलं आणि लाकूड दातात धरलं. वखारवाल्यानं दुसऱ्या लाकडानं त्याच्यावर ठोका दिला.

ठण्ण.

जबड्यातून निघून ते सरळ डोक्यात गेलं. शेटचे डोळे भरून आले. त्यांनी ते लाकूड काढून दुसरं धरलं. थप्प. मान जोरात हलवून त्यांनी ते फेकलंच. तिसरं धरलं. ठण्ण. दारात लोहार पोट धरून हसत होता. हसू दे. शेटना आता कुणाची पर्वा नव्हती.

पंधरा निघाली. सोळावं दातात असताना वखारवाला ठोका द्यायचा थांबला. शेटनी भुवया उडवून विचारलं, काय झालं? त्यानं वाकून त्याच लाकडाचं दुसरं टोक आपल्या हनुवटीला घट्ट टेकवलं आणि अगदी हळू, शेजारच्यालाही कळणार नाही इतक्या हळू तो बोलला. शेटना शब्द न् शब्द ऐकू आला.

"चार महिने भांडायला कुणी नव्हतं रे मला."