एक हात खिशात

"हात खिशात!"

ही आरोळी ऐकून मी, माझ्यामागचं गिऱ्हाईक आणि रस्त्यापलीकडचा न्हावी अशा तिघांनीही हात खिशात घातले. न्हाव्याच्या खुर्चीतल्या माणसाचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. रेडिओ दुरुस्तीवाल्या मास्तरांची आणि माझी ओळख त्यांच्या दुकानात झाली ती अशी.

गुन्हा एवढाच, की माझ्या गिटारचा जुना, काचेच्या बल्बसारख्या व्हॉल्व्हवाला ॲम्प्लिफायर त्यांनी उघडला होता आणि मी आत बोट घालायला गेलो होतो.

"अहो, प्लग काढलाय की!"

"प्लग काढला म्हणून करंट घरी जातो होय? कपॅसिटरमध्ये दबा धरून बसतो, तुमच्यासारख्या हौशी कलावंतांची वाट बघत!"

मास्तर स्वतः डावा हात खिशात ठेवूनच काम करायचे. दोन्ही हात आत गेले, तर झटका छातीतून जातो म्हणून. सवय इतकी मुरलेली, की काकू म्हणायच्या, "आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा यांचा एक हात खिशात आहे. मला काय चारशे व्होल्टची समजले होते!"

"समजलो होतो ते कमीच," मास्तर म्हणायचे.

तापलेल्या धुळीचा आणि सोल्डरचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे लाल झाले, की मास्तर पेन्सिलीच्या मागच्या टोकानं एकेकाला टिचकी मारायचे. जो कुरकुरेल तो चोर. मीटर होता, पण तो बहुधा गिऱ्हाइकांवर छाप पाडायला. "कान आहे तोवर दुकान आहे," असं ते सांगायचे.

पुढे वीसेक वर्षांनी, ऐन कार्यक्रमाच्या सकाळी, माझा ॲम्प्लिफायर पुन्हा खरखरायला लागला. मास्तरांनी टिचक्या मारल्या. तिसरा व्हॉल्व्ह वाळका पाचोळा तुडवल्यासारखा करकरला.

"सगळे ठणठणीत," मास्तर म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी हसलोसुद्धा. ते हसले नाहीत.

आतल्या दारात काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्या थांबल्या. "अहो, तो तिसरा परत वाजवा."

"का?"

"मला आवडला."

मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनी तिसरा व्हॉल्व्ह बदलला. खरखर गेली.

"माझ्या लक्षात आधीच आलं होतं. तुझी परीक्षा घेत होतो," मास्तर काकूंना म्हणाले.

"मग? झाले का पास?"

दुसऱ्या दिवसापासून टेबलाशी दुसरं स्टूल आलं. मास्तर टिचकी मारायचे आणि काकूंच्या तोंडाकडे बघायचे. भुवई वर गेली, की व्हॉल्व्ह बाद. आम्हा सगळ्या गिऱ्हाइकांना हे माहीत होतं आणि आम्ही सगळे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसायचो. सहा वर्षं ते दुकान एका भुवईवर झकास चाललं.

मग काकूंनाही कमी ऐकू यायला लागलं. दुकान बंद झालं.