लिफ्टजवळचा सेलचा डबा

आमच्या नाहूरच्या सोसायटीत वापरलेले सेल गोळा करायचं काम मी अंगावर घेतलं आणि सेलबरोबर किस्सेही साठत गेले. किश्श्यांचं काही नाही, सेलची मात्र मला धास्ती. टोकाला टोक लागून तापले तर? म्हणून रोज डबा घरी आणून प्रत्येक सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावतो. एवढी काळजी माझी कधी केलीस का, असं बायको विचारते.

*

एकदा डब्यात मोबाइलची फुगलेली बॅटरी निघाली. माझी वाटच लागली! ती वाळूच्या बादलीत ठेवली आणि ग्रुपवर विचारलं, कोणाची? संध्याकाळी सेक्रेटरी जिन्यात गाठून हळूच म्हणाले, "फुटली नाही ना रे?"

*

तळमजल्यावरचे काका ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रातून रिटायर झालेले. धोक्याच्या वस्तूंची त्यांना सवय असणार, म्हणून गावी जाताना डबा त्यांच्याकडे ठेवायला नेला. काका दोन पावलं मागे सरकले. "अरे, मी तिथे कँटीनला होतो!"

*

मग डबा भरायच्या ऐवजी रिकामा व्हायला लागला. वरच्या मजल्यावरच्या परबकाकू त्यातले सेल वेचताना सापडल्या. मी रागावलो, तर मलाच समजावायला लागल्या. "रिमोटाक चलनत नाय रे, पण घड्याळाक चलतत." बायको शेजारी उभी राहून मन लावून ऐकत होती. त्या दिवसापासून डब्याला कुलूप आणि चावी माझ्या खिशात.

*

शेवटी माहुलच्या रिसायकलिंगवाल्यांकडून सेल न्यायला गाडी येणार असं ठरलं. वेळ सकाळी अकराची. गेटवर कोणी नसेल तर थांबणार नाही, असं ड्रायव्हरने आधीच बजावलं होतं. इकडे सेक्रेटरींचाही दम होता, की या गाडीने डबा गेला नाही तर सगळे सेल कचऱ्याच्या गाडीत. एवढ्या महिन्यांची मेहनत डम्पिंगवर जाणार या विचाराने मला रात्रभर झोप नाही. त्यात माझाच फोन रिपेअरला, त्याचीही बॅटरी फुगलेली!

सकाळपासून हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होतो आणि दर फेरीला भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. वेळ जाता जात नव्हता. बायको म्हणाली, बस ना जरा, चहा घे. चहा घेतला. घड्याळात साडेदहा झाले तेव्हा राहवेना, म्हणून लवकरच खाली उतरलो.

वॉचमन म्हणाला, "साहेब, गाडी तर केव्हाच गेली. साडेअकरा वाजले ना."

मी वर आलो आणि खुर्चीवर चढून घड्याळ काढलं. आतल्या सेलला माझ्या चिकटपट्टीचा तुकडा अजून लटकत होता.