घरं पुसून टाकणारी शेजारीण

उजवा हात खांद्यापासून लांब करायचा, तळवा आडवा धरायचा आणि पाटीवरची अक्षरं पुसावीत तशी समोरची सगळी घरं पुसून टाकायची. मग म्हणायचं, "इथे तेव्हा काहीच नव्हतं गो बाय!"

ही आमच्या शेजारणीची सवय. इथे परदेशात, टार्निट नावाच्या उपनगरात, आमच्या रस्त्यावर कुणी नवं राहायला आलं, की ट्रकमधून सामान उतरायच्या आधी ही चहाचा थर्मास घेऊन दारात हजर. चहा संपेपर्यंत त्या माणसाला या गावाचा सगळा इतिहास ऐकवून झालेला असायचा. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. असली, तर माझं दुखणं तुम्हाला लगेच कळेल.

ती मूळची वसईची, ख्रिश्चन. नवऱ्याबरोबर इथे आली तेव्हा या रस्त्याला नावसुद्धा नव्हतं. "स्टेशन नव्हतं, दुकान नव्हतं. दूध आणायला गाडी काढायची. त्याच्या आधी सगळ्या मेंढ्या, आणि शेतकऱ्यांनी रचलेल्या काळ्या दगडांच्या भिंती. त्याच्याही आधी इथले मूळचे लोक. त्यांना कुणी विचारलं नाही हो, इथे घर बांधू का म्हणून." एवढं बोलून ती जरा गप्प व्हायची. मग पुन्हा सुरू. "आता बघ! शाळा उघडायच्या आधी भरते. सकाळी राउंडअबाउटपर्यंत गाड्यांची रांग. आणि कढीपत्ता? पाहिजे त्या दुकानात!" जणू ती सगळी दुकानं हिनेच टाकली होती.

मी इथे आले ती आमचे हे गेल्यावर. मुलगा आणि सून दोघंही आयटीत, ट्रेनने शहरात जातात. नात सई शाळेतून आली की तिला बघायला मी. बघायला म्हणजे नुसतं बघायलाच. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत काहीतरी सांगायची आणि दप्तर टाकून शेजारी पळायची. त्या बाईला ती 'आजी' म्हणायची आणि मला 'इंडियावाली आजी'. मी समुद्र ओलांडून आले ते त्या एका पोरीसाठी, आणि पोरगी सदा कुंपणाच्या पलीकडे.

शेजारणीच्या लेटरबॉक्सखाली एक काळा, गोलसर दगड होता. मी नवीन होते तेव्हा एका सकाळी तो पाहिला आणि जिवाला बरं वाटलं. म्हटलं, इथेही वेशीवर देव आहे तर. आंघोळ करून हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, डोळे मिटून नमस्कार केला. डोळे उघडले तर ही हातात कप घेऊन उभी.

"काय करते गो बाय?"

"देवाला..."

"कुठला देव? भिंतीचा दगड तो! बुलडोझरने भिंत पाडली, तेव्हा आमच्या ह्यांनी डिकीत घालून आणला!" हसता हसता तिचा चहा सांडला. मी खाली मान घालून घरात आले ते आठवडाभर त्या बाजूला गेले नाही. पण तिने ते कुंकू पुसलं नाही. गळ्यात क्रॉस घालणाऱ्या बाईच्या दारात ते पाऊस येईपर्यंत तसंच राहिलं.

मग सईच्या शाळेने आजी-आजोबांना बोलावलं. आपल्या गावाबद्दल मुलांना काहीतरी सांगायचं होतं. मी निळी साडी इस्त्री करून ठेवली. जेवताना सई म्हणाली, "नेक्स्ट डोअरची आजी येणार. शी नोज एव्हरीथिंग."

सून म्हणाली, "आणि आपली आजी?"

"शी कॅन कम अँड लिसन."

तशी गेले, ऐकायला. चौथीत शाळा सुटल्यानंतर मी वर्गात बसले ती त्या दिवशी, अगदी मागे. शेजारीण आली ती भाजीच्या ट्रॉलीत दगड घालून. इंग्रजीत बोलत होती, पण गोष्ट मला पाठ होती. तिने हात फिरवला तशी मुलं खिडकीबाहेर बघायला लागली, जणू घरं खरंच गेली. शेवटी तिने दगडावर थाप मारली आणि बोट माझ्याकडे केलं.

"ये गो बाय पुढे. ह्यांना सांगितलं मी, इथे इतकी माणसं राहायला आली, पण या मातीला नमस्कार करणारी तू एकटीच."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. सईनेही. मी पुढे गेले, आणि खरं सांगू? मला राग आला. माझ्याजवळ सांगण्यासारखं एवढंसं काही होतं, तेही हिने आपल्या गोष्टीत घालून टाकलं. सईच्या टाळ्या कुणासाठी होत्या, ते मला अजून कळलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिला तिची मुलगी दूर डार्विन शहरात घेऊन गेली. मुलगी तिथे हॉस्पिटलमध्ये नोकरीला आहे. इथे हिच्या गुडघ्यांनी साथ सोडलेली, एकटीला ठेवणार कुणाच्या भरवशावर?

"दगड विमानात कसा नेऊ? तुझ्याकडे राहू दे," ती मला म्हणाली. मग सईच्या डोक्यावर हात ठेवला. "गोष्ट हिला येते."

म्हणजे दगड मला आणि गोष्ट तिला. गाडी वळेपर्यंत सई रडत उभी होती. मीही रडले. आणि आत कुठेतरी थोडं बरंही वाटलं.

परवा त्या घरात पुण्याहून एक नवं जोडपं आलं. मी थर्मास भरून गेले, सईही मागोमाग आली. त्या मुलीचं लक्ष आमच्या लेटरबॉक्सखालच्या दगडाकडे गेलं. त्याला ताजं कुंकू होतं.

"काकू, हा कुठला देव?"

मी तोंड उघडणार, तोच सई पुढे झाली. उजवा हात खांद्यापासून लांब केला, तळवा आडवा धरला. "इथे तेव्हा काहीच नव्हतं गो बाय!"

माझ्या नातीच्या तोंडून इतकं मराठी मी पहिल्यांदा ऐकत होते. मेंढ्या आल्या, भिंती आल्या. शब्द शेजारणीचे, सूर तिचा, मध्येच गप्प होणंसुद्धा तिचंच. सईचा हात फिरत फिरत आमच्या घरावरूनही गेला.

"मग घरं आली. मग स्टेशन आलं," सई म्हणाली आणि तिने माझ्याकडे बोट केलं. "मग ही आमची आजी आली."

बोट दाखवायची ढबही शेजारणीचीच. मी थर्मास उघडला. त्या मुलीला चहा दिला आणि सईसाठीही अर्धा कप ओतला.